नारिंगी कोटातले शेजारी

अमेरिकेतल्या आमच्या अल्फारेटात कुणालाही परकं राहू द्यायचं नाही, असा विडाच आमच्या शेजारच्या गृहस्थांनी उचलला होता. सत्तरी ओलांडलेले, निवृत्त मुख्याध्यापक, कृष्णवर्णीय. कॉलेजात असताना ते तिथल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या बंधुसंघात शिरले आणि शिक्षण संपलं की त्यातून बाहेर पडायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. संघाचा नारिंगी कोट ते लग्नाला घालत, मयताला घालत आणि कचऱ्याचा डबा रस्त्यावर ठेवायलाही घालत.

संघाचा इतिहास सांगायला त्यांना निमित्त लागत नसे. एकदा मी शिडी मागायला गेलो. "शिडी? ब्रदर, गोऱ्या पोरांनी क्लबात घेतलं नाही, हॉस्टेलात खोली मिळाली नाही, तेव्हा आमचे संस्थापक शिडीची वाट बघत बसले का?" इथून जे सुरू झालं, ते जेवणाची वेळ टळल्यावर थांबलं. शिडी राहिलीच. संस्थापक त्यांच्या वडिलांच्याही जन्माआधीचे. पण सांगण्याचा थाट असा, की जणू हे स्वतः तेव्हा तिथे कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले होते.

शनिवार समाजसेवेचा. त्या दिवशी हे आणि संघातले त्यांच्याच वयाचे सगळे ‘ब्रदर’ म्हाताऱ्यांना घरपोच जेवण द्यायला निघत. जेवण घेणारे पुष्कळदा देणाऱ्यांहून तरुण असत.

मागच्या उन्हाळ्यात नागपूरहून आलेले माझे बाबा सकाळी फिरायला गेले ते परतलेच नाहीत. इथली घरं सगळी सारखी, आणि बाबांचा फोन टेबलावर. पोलिसांना कळवलं आणि शेजाऱ्यांकडे धावलो. शेजाऱ्यांनी एक फोन फिरवला आणि वसाहतभर ब्रदर लोकांच्या गाड्या हिंडू लागल्या. दुपारी त्यातल्या एकीतून बाबा उतरले.

"तळ्याकाठी बाकावर बसले होते," आणणारे ब्रदर म्हणाले. "वाटेत त्यांना आमचा सगळा इतिहास सांगितला."

"माणूस चांगला आहे रे," बाबा म्हणाले. "काहीतरी लंबी स्टोरी सांगून राहिला होता. मी आपलं हो-हो म्हटलं."

मी शेजाऱ्यांचे आभार मानू लागलो. "ते राहू दे. शनिवारी सकाळी गाडी घेऊन ये," ते म्हणाले. तेव्हापासून दर शनिवारी मी त्यांच्याबरोबर जेवण पोचवायला जाऊ लागलो.

यंदा त्यांची पत्नी वारली आणि मुलीने त्यांना आपल्याकडे शिकागोला न्यायचं ठरवलं. निघायच्या दिवशी सगळे ब्रदर त्यांच्या अंगणात हात धरून गोल उभे राहिले आणि संघाचं गाणं म्हणू लागले. मी आमच्या ड्राइव्हवेत उभा होतो. गाणं न थांबवता त्यांनी मानेनेच मला बोलावलं, तसा गोल जरा सैल झाला. मला गाण्याचे शब्द येत नव्हते. त्यांचा हात धरून मी नुसता उभा राहिलो.

त्या घरात आता पुण्याचं एक तरुण जोडपं आलंय. माणसं चांगली आहेत. जाता-येता गाडीतून हात करतात.