निळ्या ड्रममधली माती

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, गॅलरीतला निळा ड्रम कुठं गेला?" आणि मी फोन देवघराकडे वळवून तुम्हाला झेंडूचे हार दाखवले. समोरच्या घरातली सून तेव्हा माझ्या शेजारीच बसली होती. तिच्यासमोर सांगण्यासारखं ते नव्हतं. पुढच्या वेळीही ती असेलच, म्हणून आत्ताच लिहिते. हळूहळू वाचा, अडलं तर आईला विचारा.

वरवंडच्या घरी कचऱ्याचा कधी विचारच करावा लागला नाही. सालं म्हशीपुढं जायची, उरलेलं उकिरड्यावर, आणि उकिरडा वर्षातून एकदा रानात. मी दौंडच्या शाळेत इंग्रजी शिकवून संध्याकाळी घरी यायचे, तेव्हा आवरलेल्या घरात टाकायचं असं काही उरलेलं नसायचं. मग माझे गुडघे गेले आणि तुमच्या मामानं मला इथं कारेगावला आणलं. तिसरा मजला. लिफ्टसाठी जागा सोडलेली आहे, तिथं लोक रिकामे सिलिंडर ठेवतात. मी वर आले ती वरच राहिले. दवाखान्यात जायचं तर मामा आणि एक शेजारी मला खुर्चीत बसवून खाली नेतात.

मामा-मामी दोघंही रांजणगावला कामाला. त्यांची कंपनीची बस आधी जाते आणि घंटागाडी नंतर येते. मी बादली घेऊन गॅलरीत उभी राहायचे, खाली घंटागाडीचं गाणं वाजायचं, आणि ती निघून जायची. मग दिवसभर कचरा आणि मी एकाच घरात कोंडलेले. संध्याकाळी मामी दार उघडताच नाकाला पदर लावायची. मलाच लाज वाटायची.

शेवटी मामानं भंगारवाल्याकडून निळा ड्रम आणला आणि तापलेल्या सळईनं त्याला भोकं पाडली. तळाशी मामीच्या ऑफिसातल्या खोक्यांचा फाडलेला पुठ्ठा, त्यावर चिरलेली सालं, त्यावर आंबट ताकाचा शिपका. शिजलेलं अन्न अजिबात नाही. दुधाच्या पिशव्या धुऊन मी दोरीवर चिमट्यांनी वाळत घालायचे. मामा म्हणाला, "आई, आता यांना इस्त्री तेवढी करायची राहिलीय." करू देत चेष्टा. स्वयंपाक मामी पहाटे करून जाते, धुणं मशीन करतं, भाजी फोनवरून येते. माझ्या हातानं होणारं, दिवसागणिक बदलणारं असं या घरात तेवढंच एक काम होतं. काठीनं ढवळलं की आतून ऊब यायची. गुडघ्यांपेक्षा त्या ड्रमची मला जास्त काळजी असायची.

नवरात्राच्या आदल्या दिवशी समोरची सून आली. तिचा नवरा कंपनीत ऑपरेटर, गाव शिरूरच्या पलीकडे. घटाला दरवर्षी त्यांच्या रानातली काळी माती लागते. यंदा नवऱ्याला सुट्टी मिळाली नव्हती.

"काकू, ड्रममधली माती द्या की थोडी."

"माती नाही गं ती, खत आहे. आणि सालांचं आहे. देवीला चालेल?"

"सालं काय उष्टी असत्यात व्हय? आन् रानातल्या मातीत तर शेण असतंय."

मला हसू आलं. मी तिला घमेलंभर दिलं आणि बजावलं, "नुसतं घालू नकोस, अजून गरम आहे. खालच्या झाडाजवळची माती चाळून त्यात निम्मी मिसळ." पण तिला वाटलं असणार, खालच्या मातीत लोक थुंकतात, ती देवीला कशी घालायची? आणि नुसतं खत घातलं तर धान हातभर वाढेल, सासू खूश होईल, असंही तिच्या मनानं घेतलं असणार. तिनं नुसतंच घातलं.

घट बसले की घराला कुलूप लावत नाहीत, घरात कुणीतरी थांबायचं असतं. आमच्या मजल्यावर मी बारा महिने तेच करते. त्यामुळे सगळं मला दारातूनच दिसत होतं. चौथ्या माळेला धान पिवळं पडलं, पाचव्या माळेला आडवं झालं, आणि घटाच्या कडेनं टोमॅटोची दोन रोपं ताठ उभी राहिली. त्याच दिवशी तिची सासू गावाहून आली.

"ह्यो काय घट हाय का टमाट्याची बाग? काय पाळलं न्हाईस तू? कुठनं आणली माती?"

सुनेनं फक्त माझ्या दाराकडे पाहिलं.

सासूबाई तशाच माझ्याकडे आल्या. आरतीला आलेले सोसायटीचे चेअरमनही मागोमाग आले. "बाई, तुम्ही शिकल्या-सवरल्या. खरकट्याची माती देवीला दिली व्हय?"

मागं सून उभी होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. तिच्या चेहऱ्यावर मला सगळं वाचता येत होतं. "मी तिला मिसळायला सांगितलं होतं," एवढं म्हटलं की ड्रम वाचणार होता. पण पेरलेला घट नऊ दिवस हलवता येत नाही. तो पिवळा घट आणि ती सासू यांच्यासमोर तिला राहायचं होतं, आणि पुढं घरातल्या प्रत्येक आजारपणाला या घटाचा विषय काढला गेला असता. मी दाराची चौकट धरून उभी होते. आत जाऊन दार लावता येत नव्हतं आणि बाहेर जायला पाय नव्हते.

मी म्हटलं, "माती कच्ची होती. तिचा काही दोष नाही, मी द्यायलाच नको होती."

"म्हंजी तो ड्रमच वंगाळ," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा राग उतरला होता.

चेअरमन ड्रमभोवतीच्या चिलटांवरून आधीच कुरकुरत होते. "मॅडम, मी कवाधरनं सांगतोय. दसऱ्यानंतर काढून टाका."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मामानं ड्रम खाली नेऊन झाडाच्या बुंध्याशी पालथा केला. मी गॅलरीतून पाहिलं. खत अजून वाफाळत होतं.

सून तेव्हापासून रोज येते. माझे केस विंचरते, चहा टाकते. त्या मातीबद्दल ती बोलत नाही, मीही नाही. तिनं यावं असं वाटतं आणि ती गेली की मोकळं वाटतं. मला तिला "येऊ नकोस" म्हणता येत नाही, तिला न येता येत नाही.

ड्रम गेला, तो परत येणार नाही. ओट्याखाली पाण्याचा एक जुना माठ आहे, तळाला तडा गेलेला, वर झाकण ठेवलेलं. चेअरमनना तो माहीत नाही. आमच्या घरची सालं त्यात मावतात.