सुतळीरावांची सही

कोर्टातले नवे कारकून शिरस्तेदारांना पाठीमागे 'सुतळीराव' म्हणत. ते कानावर आलं तरी त्यांना राग येत नसे. तीस वर्षं दाव्यांचे कागद दाभणाने टोचून दोऱ्यात ओवणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार?

परवा सरकारने त्यांचं पद बदलून 'अभिलेख व्यवस्थापक' केलं. दारावरची जुनी पाटी काढताना म्हाताऱ्या शिपायाने विचारलं, "साहेब, शिरस्तेदार म्हणजे हो काय?"

"मूळ फारसी आहे. सर म्हणजे टोक, रिश्ता म्हणजे दोरा. दोऱ्याचं टोक ज्याच्या हातात, तो शिरस्तेदार."

"म्हणजे सुतळीरावच की!" शिपाई बोलून गेला आणि त्याने जीभ चावली. शिरस्तेदार पोट धरून हसले.

तेवढ्यात गावातल्या एक शिंपीणबाई रडवेल्या होऊन दारात आल्या. नवऱ्यामागे राहत्या घरासाठी त्या दिराशी कोर्टात भांडत होत्या. घराचं खरेदीखत त्यांच्या दाव्याच्या गठ्ठ्यात नव्हतं. दीर म्हणत होता, खत कोर्टात कधी दिलंच नाही. उद्या निकाल होता, आणि खत नसेल तर घर जाणार.

"भाऊ, मी तुमच्याच हातात दिलं होतं हो!"

शिरस्तेदारांनी तारीख विचारली आणि त्या दिवशी ओवलेले सगळे गठ्ठे काढले. एकेक दोरा सोडत गेले. सातव्या गठ्ठ्यात, कुणाच्या तरी विहिरीच्या भांडणात, खत सापडलं. गाठ त्यांच्याच हातची होती.

शेजारचा कारकून कुजबुजला, "गुपचूप बाईंच्या गठ्ठ्यात ओवून टाका. दोन महिन्यांनी रिटायर होताय, कशाला डाग लावून घेता?"

"आणि कागद दोनदा टोचल्याची भोकं दाखवून दिराने मागाहून घुसडलं म्हटलं, तर? बाईचं घर जाईल ना, बाबा." त्यांनी कागद ओढला आणि लिहिलं: खत वेळेवर मिळालं होतं, चुकीच्या गठ्ठ्यात मी ओवलं. वर बाईंना सांगितलं, "ताई, चूक माझी. माफ करा." एवढं सरळ बोलणारा अधिकारी बघायला मिळणं कठीण.

सहीखाली त्यांनी 'शिरस्तेदार' लिहिलं.

"साहेब, नवीन पद लिहायचं," कारकून म्हणाला.

"चूक शिरस्तेदाराने केली आहे. नव्या माणसाच्या गळ्यात कशाला घालू?"

दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांनी तो जबाब मोठ्याने वाचला आणि खत मान्य केलं. घर राहिलं. शिरस्तेदारांच्या सेवापुस्तकात तीस वर्षांतला पहिला ठपका बसला. संध्याकाळी ते खोलीत परतले, तेव्हा शिपाई नवी पाटी काखेत धरून उभा होता. दारावर त्याने जुनीच परत लावली होती.

"दोन महिने राहू द्या, साहेब," तो म्हणाला.