शेटजींच्या पांढऱ्या घोड्याचं नाक

हुबळीच्या कोप्पीकर रोडवर कापडाचं मोठं दुकान असलेल्या एका शेटजींचा मी आयुष्यभर तिरस्कार केला. तो वाया गेला असं मला आजही वाटत नाही.

त्यांना घोड्यांची हौस होती. म्हणजे घोड्यावर बसलेल्या स्वतःची हौस होती. चकचकीत बूट, चांदीच्या मुठीचा चाबूक, मिशांना मेण. घोडा लंगडायला लागला तरी उतरून त्याचा पाय बघायचे नाहीत, टाच मारायचे. अशा माणसाला लोक ‘घोड्यांतले जाणकार’ म्हणायचे.

माझे थोरले बंधू, आमचे अण्णा, धारवाडला वकिली करत. सप्तापूरकडे त्यांचं बिऱ्हाड होतं आणि मागच्या पत्र्याच्या पडवीत एक तांबडी घोडी. तिच्या आधीचा घोडा त्यांनी एका जत्रेतल्या शर्यतीला नेला होता. तिथे त्याने सगळ्यांबरोबर एकाच हौदात तोंड घातलं आणि घरी आल्यावर त्याच्या गळ्याखाली गाठी आल्या. नाकातून पू वाहू लागला, श्वास कोंडला आणि तो गेला. तेव्हापासून अण्णा प्रवासात स्वतःची बादली, स्वतःचा चारा, स्वतःचा खरारा घेऊन जात. दुसऱ्या घोड्याला हात लावलेला माणूस त्यांना घोडीजवळ चालत नसे. परत आल्यावरही ते तिला काही आठवडे शेजारच्या टांग्याच्या घोड्यांपासून लांब बांधत.

‘वकीलसाहेबांची घोडी सोवळ्यात असते,’ असं शेटजी चारचौघांत म्हणायचे. लोक हसायचे. हसणाऱ्यांत पदवीधर पुष्कळ असत.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. बेळगावला छावणीच्या मैदानावर घोडेस्वारांच्या स्पर्धा होत्या. हुबळीहून घोड्यांसाठी रेल्वेचा एक डबा ठरला आणि त्यात धारवाडला आमची घोडी चढायची होती. मी शाळामास्तर, सुट्टी काढून अण्णांबरोबर निघालो होतो. डबा उघडला तर दाराशीच शेटजींचा पांढरा घोडा मान खाली घालून उभा. एका नाकपुडीतून पिवळट धार आली होती आणि जबड्याखाली लिंबाएवढी गाठ लांबूनही दिसत होती.

‘शेटजी, हा घोडा आजारी आहे. त्याला इथंच उतरवा,’ अण्णा म्हणाले.

‘सर्दी आहे हो. एनू आगंगिल्ल, काही होत नाही.’

‘डब्यात आणखी चार घोडे आहेत.’

‘मग त्यांच्या मालकांना बोलू द्या की. तुमची घोडी हरणार हे तुम्हाला आधीच कळलेलं दिसतंय.’

त्या चार घोड्यांचे मालक तिथेच उभे होते. एकाने आभाळाकडे पाहिलं, एकाने विडी पेटवली. शेटजींच्या दुकानात प्रत्येकाची उधारी असावी, किंवा नुसताच कणा नसावा.

अण्णांनी घोडी मागे वळवली आणि सडकेने निघाले, मी मागून सायकलवर. कित्तूरजवळ मुक्काम केला आणि विहिरीचं पाणी शेंदून आमच्याच बादलीतून घोडीला पाजलं. बेळगावला पोचलो तेव्हा बाकीचे घोडे एका लांबलचक पागेत शेजारी शेजारी बांधलेले होते. अण्णांनी घोडी मैदानाच्या टोकाला चिंचेखाली बांधली.

सकाळी जनावरांचे डॉक्टर तपासणीला येताना दिसले, तसा शेटजींनी अत्तर लावलेला रुमाल काढला, घोड्याचं नाक पुसलं आणि तोच रुमाल खिशात घातला. मी हे डोळ्यांनी पाहिलं आणि डॉक्टरांना सांगितलं.

‘आपण कोण?’

‘शाळामास्तर.’

‘मग शाळा बघा,’ असं म्हणून ते शेटजींच्या तंबूत चहाला गेले.

स्पर्धेत पांढऱ्या घोड्याने उडीच्या पहिल्या अडथळ्यापर्यंत कसाबसा दम धरला आणि तिथे थांबून खोकत राहिला. शेटजींनी चाबूक ओढला. दुसऱ्या फटक्याला घोडा गुडघ्यांवर बसला आणि शेटजी गवतात लोळले. उठले ते पुन्हा चाबूक उगारूनच.

अण्णा कुंपण ओलांडून धावले. त्यांनी चाबूक धरला, लगाम सैल केला आणि घोड्याचं डोकं मांडीवर घेतलं. मग मला ओरडून म्हणाले, ‘घोडीला तू सांभाळ. मला आता तिच्याजवळ येता येणार नाही.’

त्यांचं नाव पुकारलं गेलं तेव्हा ते घोड्याचा गळा गरम पाण्याने शेकत बसले होते. घोडी चिंचेखाली कान टवकारून उभी होती.

संध्याकाळच्या गाडीने शेटजी हुबळीला निघून गेले. घोडा तिथेच टाकून. ‘मरायलाच टेकलाय, बिड्री, सोडा त्याला,’ असं म्हणत.

अण्णा त्याच्यापाशी थांबले. गाठ फुटली, पू निघून गेला आणि घोडा खायला लागला. त्या पागेतल्या बहुतेक घोड्यांना रोग लागला, दोन तरुण घोडे मेले. विडी पेटवणाऱ्याचा घोडाही त्यांच्याबरोबर गेला. तेव्हा तो रडला म्हणतात. मला त्याच्या घोड्याचं वाईट वाटलं, त्याचं नाही.

मी घोडी सडकेने घरी आणली. अण्णा नंतर आले. अंगावरचे कपडे त्यांनी उकळत्या पाण्यात टाकले आणि बरेच दिवस घोडीला अंगणातूनच हाक मारत राहिले. ती आजारी पडली नाही.

घोडा बरा झाल्याचं कळताच शेटजींनी तो न्यायला आपला मोतद्दार पाठवला. मी म्हणालो, ‘देऊ नका.’

‘घोडा त्यांचा आहे,’ अण्णा म्हणाले, आणि मोतद्दाराला चाऱ्याबद्दल सगळं नीट समजावून त्यांनी तो दिला.

दसऱ्याला शेटजी त्याच घोड्यावरून मिरवले. त्याच्या गळ्यावरचा वण म्हणजे उंच उडी मारतानाची जखम, असं ते सांगत होते आणि हुबळीतली शहाणी माणसं माना डोलवत होती. नंतरच्या वर्षी स्पर्धेच्या समितीवर त्यांचीच नेमणूक झाली.

अण्णांना मी हे चिडून सांगितलं. ते घोडीच्या पाठीवर खरारा फिरवत होते. त्यांनी एवढंच विचारलं, ‘घोडा अंगाने भरलाय का?’

‘भरलाय,’ मी म्हणालो. आणि तेवढं मात्र खरं होतं.