जिवतीच्या शुक्रवारची अळूवडी

सरोजकाकूंकडे कोणी जेवायला आलं की पान वाढायच्या आधी त्याच्या हातावर काहीतरी गरमागरम पडतंच. डोंबिवलीतली त्यांची अख्खी बिल्डिंग हे जाणून आहे. पण काय पडणार हे काकू ठरवत नाहीत, बाजार ठरवतो. थंडीत मटारच्या करंज्या, चैत्रात कैरीची डाळ, श्रावणात अळूवडी. श्रावणात मटार करंजी मागून बघा, फ्रोझनचं पाकीट फोडायचं सोडून तुम्हालाच चार शब्द ऐकवतील. सून आसावरी ह्या प्रकाराला 'स्टार्टर' म्हणते. काकूंना तो शब्द ऐकून स्कूटर आठवते, पण सून गुणी आहे म्हणून त्या गप्प बसतात.

टेलिफोन खात्यातून काकू निवृत्त झाल्या, मग यजमान विश्रामराव गेले, मुलगा केदार ठाण्याला राहायला गेला. काकू एकट्या, पण खमक्या. निदान ह्या जूनपर्यंत तरी होत्या. जूनमध्ये त्या गॅसवर दूध ठेवून खाली भाजीला गेल्या आणि वाटेत कोणाशी तरी बोलत उभ्या राहिल्या. भांड्याचा कोळसा झाला, जिन्यात धूर. शेजारच्या मंदाकिनीने लगेच केदारला फोन लावला. लावायची काही गरज होती का? पण मंदाकिनीच्या हाताला फोन चिकटलेलाच असतो, त्याला कोण काय करणार.

केदार त्याच संध्याकाळी आला. ओरडला नाही, तेच वाईट. म्हणाला, "आई, आता ठाण्याला चल. आमच्याकडे स्वयंपाकाला मावशी येतात. तुला गॅसला हातसुद्धा लावायला नको."

ज्या बाईचा जन्म ओट्यापुढे गेला तिला हे सांगायचं म्हणजे कमाल आहे. पण पोराचं चुकत होतं असंही नाही. काकू म्हणाल्या, "श्रावणात जिवतीच्या शुक्रवारी जेवायला या दोघं. मग ठरवू."

खरं तर त्यांना ठाण्याची भीती नव्हतीच. भीती दुसरीच होती. त्यांच्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी दूध उतू जायचं, मग चहात मीठ पडायला लागलं, आणि एक दिवस तिने सरोजच्या तोंडाकडे बघून विचारलं, "तू कोणाची गं?" हे काकूंनी केदारला कधीच सांगितलं नव्हतं.

शुक्रवार उजाडला. देवघराच्या भिंतीवर जिवतीचा कागद लावलेला, त्याला आघाडा-दूर्वांची माळ. पुरण वाटून झालं होतं. काकू अळूची पानं घेऊन बसल्या. काळ्या देठाची, तळहाताएवढी, वडीचीच पानं. भाजीवाल्या गंगुबाईंकडून निवडून आणलेली. एकेक पान पालथं ठेवून त्यांनी शिरा लाटल्या, बेसनात तिखट, तीळ, धणे-जिरे घातलं. तेवढ्यात केदारचा फोन.

"आई, शीळफाट्याला अडकलोय. गाड्या हलतच नाहीयेत. उशीर होईल गं."

"होऊ दे. भजन म्हणत बसा दोघं गाडीत," काकू म्हणाल्या आणि परत कामाला लागल्या. पानांना पीठ लावलं, उंडे वळले, उकडायला ठेवले. घरभर अळूचा वास सुटला. मग ओटा पुसताना त्यांनी कोपऱ्यातली एक ताटली उचलली आणि त्यांच्या काळजात धस्स झालं. ताटलीखाली वाटी, आणि वाटीत चिंच. छान भिजून फुगलेली, जशीच्या तशी.

अळूवडीत तिखट विसरलं तर चालतं, गूळ विसरला तरी चालतं. चिंच विसरली तर अळू घशाला खाजतं, आणि असं खाजतं की माणूस जेवणावरून उठतो. काकूंनी आठवून बघितलं. पिठात कोळ घातला होता का? फोनच्या आधी? नंतर? काही केल्या आठवेना. त्या मटकन स्टुलावर बसल्या.

आता तुम्ही म्हणाल, एक तुकडा तोंडात टाकून बघायचा, त्यात काय एवढं? इथेच तर सगळी गोची होती. नैवेद्य दाखवायच्या आधी काकू मिठाचा कणसुद्धा चाखत नाहीत. सगळा सणाचा स्वयंपाक त्यांनी जन्मभर नुसत्या अंदाजाने केला. तरी त्या दिवशी त्यांनी एक उंडा कापला, त्यातली कडेची वडी उचलली, ओठांपर्यंत नेली. आणि परत ठेवली. जिवतीची पूजा पोराच्या आयुष्यासाठी करायची आणि तिच्याच नैवेद्याला आधी आपलं तोंड लावायचं, हे त्यांच्याने होईना. सगळे उंडे कचऱ्यात टाकावेत आणि पानं किडकी निघाली म्हणून सांगावं, असंही मनात येऊन गेलं. खोटं कशाला सांगू, कचऱ्याच्या डब्याच्या दिशेने त्या दोन पावलं चालल्यासुद्धा. तेवढ्यात बेल वाजली.

मग पुढचं सगळं झालं तसं झालं. आसावरीने वड्या तळल्या, काकूंनी नैवेद्य दाखवला. केदारला पाटावर बसवून काकूंनी पुरणाच्या दिव्यांनी ओवाळलं. मग आसावरीने वड्यांची ताटली केदारच्या हातात दिली.

"वा, स्टार्टर आलं," म्हणून केदारने एक अख्खी वडी तोंडात टाकली. काकू त्याच्या गळ्याकडे बघत राहिल्या. त्याने गिळली. दुसरी घेतली.

"खाजतंय का रे?" काकूंनी विचारलं.

"काय? नाही गं. मस्त झाल्यात."

"खरं सांग."

"अगं खरंच. का?"

"खाजलं असतं तर सांगितलं असतंस?"

केदारने ताटली खाली ठेवली. आईला तो ओळखून होता आणि आई त्याला. तो म्हणाला, "नसतं सांगितलं."

झालं, आलेला धीर परत गेला. काकूंनी ताटलीतली एक वडी उचलली. आता नैवेद्य झाला होता, आता कोणी अडवणारं नव्हतं. त्यांनी नीट चावली, गिळली आणि डोळे मिटून थांबल्या. आंबट लागली, गोड लागली, मागून तिखट आलं. घसा गप्प. आणखी थांबल्या. घसा गप्पच.

"आई, झालंय काय?" आसावरीने विचारलं. काकूंनी वाटीकडे बोट दाखवलं आणि सगळं सांगून टाकलं. आसावरी गाळलेल्या चहाची पावडर टाकायला ओल्या कचऱ्याच्या डब्याकडे गेलेली, ती झाकण धरून तिथेच वाकली. "अहो आई, चिंचेचा चोथा तर हा इथे आहे. पिळलेला."

"मग वाटीतली कुठली?"

आसावरीने इकडेतिकडे बघितलं. मिक्सरच्या मागे एका भांड्यात चणाडाळ आणि शेंगदाणे भिजत होते, शेजारी चाळणीत अळूचे चिरलेले देठ. फदफद्याची सगळी तयारी. सकाळी काकूंनीच चिंच दोन वाट्यांत भिजवली होती, एक वडीला, एक फदफद्याला. घाबरलेल्या बाईला ओट्यावरचं दुसरं काही दिसलंच नव्हतं.

काकूंचा जीव भांड्यात पडला. आणि मग, इतके दिवस ज्या रडल्या नव्हत्या, त्या पदर तोंडाला लावून रडल्या. "माझी आई मला विसरली होती रे, केदार," त्या म्हणाल्या. "दुधापासूनच सुरू झालं होतं तिचं."

केदार आईच्या पायाशी खाली बसला. मग म्हणाला, "हे आधी सांगायचंस ना. मी उगाच गॅसचंच धरून बसलो."

डॉक्टरांना एकदा दाखवून यायचं ठरलं. काकू एका शब्दात हो म्हणाल्या, मंदाकिनीला ऐकवण्यासारखं काहीतरी होईल म्हणाल्या. दुसऱ्या वाटीतली चिंच कोळून फदफदं झालं, तिघांनी भुरके मारत खाल्लं. निघताना केदारने उरलेल्या वड्यांचा डबा मागून घेतला आणि दारात चपला घालता घालता विचारलं, "पुढच्या शुक्रवारी काय करणार आहेस?"

ठाण्याला कधी येतेस, असं त्याने विचारलं नव्हतं.

"ते आत्ता कसं सांगू?" काकू म्हणाल्या. "बाजारात काय येतंय ते बघू."