रिकाम्या गाडीचा ताप

आळेफाट्यावरचा आमचा मेकॅनिक टर्बो गाडीच्या धुराचं तापमान मीटरवर बघून इंजिनाचं डिझेल कमी-जास्त करतो. त्या तापमानाला तो ताप म्हणतो. "माल भरून आणा, भाऊ. रिकाम्या गाडीला ताप दिसत न्हाई," असं बजावतो आणि घाट चढेपर्यंत स्वतः मीटरसमोर बसतो.

स्वतःच्या जिवलग मित्राची पिकअप मात्र त्यानं घाईत, रिकामीच, सपाट रस्त्यावर तपासून डिझेल वाढवलं होतं. टोमॅटो भरून घाट चढताना तिचा पिस्टन वितळला.

दुसऱ्या गॅरेजात दुरुस्त झालेली ती पिकअप रोज त्याच्या गॅरेजसमोरून न थांबता जाते. आवाज ओळखून तो पाना खाली ठेवतो, दारातली जागा मोकळी करतो.

"हाक मारा की," मी एकदा म्हणालो.

"कुठल्या तोंडानं, राव?"

पिकअप निघून गेली. जागा तशीच मोकळी ठेवून तो दुसऱ्या गाडीखाली शिरला.