उरलेला एक जोड

आमच्या सोसायटीतले तिसऱ्या मजल्यावरचे एक शेजारी सहलीत माणसं मोजत नाहीत, चपला मोजतात. "माणसं इकडेतिकडे होतात हो, चपला बऱ्या!" रत्नागिरीला येताना गाडीत सीटखालचा माझा जोड दिसेना, तसे ते थेट संडासाच्या दारावर येऊन ठोठावू लागले. "भाऊ, आत तुम्हीच ना? बोला काहीतरी!" मी काय बोलणार? "हो" म्हणालो. सारा डबा हसला.

संध्याकाळी भाट्ये किनाऱ्यावर सगळे पाण्याकडे पळाले. शेजाऱ्यांनी मात्र समुद्राला वाकून नुसता नमस्कार केला आणि आमच्या चपलांची ओळ लावून राखणीला बसले. अंधारून आलं, भरती चढू लागली. त्यांनी हाका मारमारून एकेकाला बाहेर काढलं. जो तो आपापल्या चपला घालून मोकळा झाला, तरी एक जोड उरलाच.

"कोण राहिलं?" त्यांचा आवाज फाटला. पोहता न येणारा हा माणूस पँटसकट पाण्यात शिरला. मला बायको कुठे दिसेना. मीही मागोमाग धावलो. मलाही पोहता येत नाही, हे गुडघाभर पाण्यात आठवलं.

"अहो, इकडे या आधी!" बायको शहाळीवाल्यापाशी उभी होती. "तो जोड त्यांचाच आहे!"

नमस्कारासाठी काढलेल्या स्वतःच्या चपला त्यांनी आमच्याच ओळीत लावल्या होत्या.

या वेळी कुणी हसलं नाही. माझा दंड धरून ते विचारत होते, "भाऊ, म्हणजे सगळे आहेत ना?"

मला पुन्हा "हो" एवढंच बोलता आलं.