जिवंत पोराला दिलेली माती

ती घटना अजूनही मनातून जात नाही. भुताखेतांवर माझा तेव्हा विश्वास नव्हता, आजही नाही. पण त्या दिवशी अंगावर काटा आला होता हे नाकारण्यात अर्थ नाही.

पन्नासच्या दशकात मी चांदा जिल्ह्यात गोंडपिपरीकडे ठाणेदार होतो. आरागिरणीवरच्या एका मिस्त्रीला आफ्रिकेत काम मिळाले होते. तो, बायको आणि तीन वर्षांचा मुलगा मुंबईहून बोटीने जाणार होते. पासपोर्टची चौकशी माझ्याकडे आली. असला कागद ठाण्याने प्रथमच पाहिला होता. हवालदाराने विचारले, "साहेब, आफ्रिका कोन्या तहसिलीत येते?"

मी निघणार तोच त्यांच्या गावचा कोतवाल आला.

"साहेब, मिस्त्रीचं पोरगं मेलं. मागच्या अमावस्येले मी सोता मातीले गेलो होतो. दोन आधीच गेले, हे तिसरं. आता पदराखाली लपवून कोनाचं पोरगं नेऊन राह्यले?"

मूल पळवण्याचा गुन्हा होता हा. मी कोतवाल आणि दोन शिपाई घेऊन निघालो.

घरात पेटी बांधून तयार होती. बाईच्या मांडीवर मूल होते. डोक्याचा गोटा, अंगात मुलीचे परकर-पोलके, तोंडाला काजळी फासलेली.

"नाव काय रे तुझं?" मी विचारले. मुलाने बाईच्या पदरात तोंड लपवले. घरात कोणी त्याला नावाने हाकही मारत नव्हते.

दोघांचे जबाब वेगळे घेतले. मिस्त्री कुजबुजला, "आमचंच हाय साहेब." बाई मात्र मोठ्याने म्हणाली, "हे पोरगं माह्यं नाई. माह्यं मेलं. हे मले रस्त्यात भेटलं."

माझी मती गुंग झाली. चोर माल आपलाच म्हणतो; ही उलटे सांगत होती, आणि तिचा हात पदराखालून मुलाची पाठ थोपटत होता. खोटे बोलणारा माणूस समोरच्याचा चेहरा वाचत असतो. ही माझ्याकडे पाहतच नव्हती. माझ्या मागे उंबरठ्यात कोणी उभे असावे तशी तिकडे पाहून बोलत होती. मी दोनदा वळून पाहिले. उंबरठा रिकामा होता.

जबाब असेच राहिले तर बाईला अटक, मुलाची रवानगी नागपूरच्या अनाथालयात आणि बोट चुकणार, हे तिला मी स्पष्ट सांगितले. तिने जबाब बदलला नाही.

तहसीलदारांचा हुकूम आणवून सगळ्यांना घेऊन मी गावाबाहेर मोहाच्या झाडाखाली गेलो. तिथे तीन लहान कबरी होत्या. जुन्या दोन्हींवर दगड आणि काटे रचलेले, तरी तरसांनी उकरल्याच्या खुणा होत्या. तिसरीवर ना दगड, ना काटा. आणि एक ओरखडाही नव्हता. तरसाला जे कळले होते ते आता मलाही कळू लागले.

"खणा," मी म्हणालो.

बाई माझ्या कानाशी आली. पहिल्यांदाच हळू आवाजात बोलली. "तिथं काई नाई साहेब. पोरं नेनारा, उंबऱ्यात उभा राह्यते तो, त्यानं दोघं नेले. समुद्रापर्यंत मागं येईन तो. म्हनून मेलं म्हनून सांगितलं. खनलं तं त्याले समजन."

खणणे भाग होते. हातभर खाली पांढरे कापड लागले. आत तांदळाच्या पिठाची बाहुली होती. पायात चांदीचा वाळा, छातीवर कापलेले जावळ, आणि काजळाने काढलेले डोळे उघडे.

इतका वेळ गप्प असलेले मूल पदरातून सुटून खड्ड्यापाशी आले. आत वाकून त्याने पासपोर्टच्या कागदावरचे स्वतःचेच नाव घेतले आणि ते म्हणाले, "झोपला."

कोतवाल मागे सरकला. "हेच पोरगं साहेब. हाच आवाज."

बाईने मुलाला पुन्हा पदराखाली ओढले. "आता उघडं पडलं. तुमीच सांगा त्याले. तुमचं सरकारी तोंड हाय, तुमचं आयकन तो."

माझ्या शिपायांसमोर मी त्या बाहुलीवर स्वतःच्या हाताने माती लोटली. मग टोपी काढली आणि पंचनामा वाचतो त्या आवाजात रिकाम्या जंगलाला सांगितले, "हा मुलगा मेला आहे. चौकशी संपली."

ठाण्यात येऊन लिहिले की मूल त्यांचेच आहे व हयात आहे, जाण्यास हरकत नाही. बोट त्यांना मिळाली.

खरे शोधून काढणे एवढेच पोलिसाचे काम असे मी समजत होतो. ते सापडल्यावर कोणापुढे बोलायचे नाही, हे ठरवणेही आपल्याच अंगावर येते, हे या प्रकरणाने शिकवले. जन्मभर चौकशा केल्या, त्या मुलाची मात्र नंतर कधी केली नाही.

आणि मिस्त्री हा मिस्त्री नव्हता, जायचे ठिकाणही आफ्रिका नव्हते. सगळे बदलून लिहिले आहे. वाचकांपासून लपवायचे म्हणून नव्हे.